उतरलेलं बीपी

थोरल्या नातीचं लग्न झालं त्या उन्हाळ्यात मी बारामतीच्या एका दवाखान्यात, आयसीयूबाहेर बसलो होतो. शेजारी भवानीनगरच्या मालनबाई होत्या. त्यांचे मालक धोंडीबा आत व्हेंटिलेटरवर होते. मुलगा रवींद्र डॉक्टरांना भेटून आला.

"आई, आबांचं बीपी उतरलंय."

"उतरलं? इतकी वर्सं अळणी खाऊ घातलं, तवा कुठं! आता घरी न्यायचं ना?"

"तसं न्हाय. लय खाली गेलंय."

"चढलं तरी वंगाळ, उतरलं तरी वंगाळ?"

"मशीन जोरानं हवा भरतंय. त्या दाबानं रगत काळजाकडं नीट परत येईना. जुन्या बीपीनं आबांचं काळीज ताठरलंय, त्याला एवढ्या कमी रगतावर भागंना."

"मग जोर कमी करा म्हणावं."

"कमी केला की श्वास पुरत न्हाय."

"मग रं?"

"मदी कुठं जमतंय का बघत्यात."

"रवी, मिठाची आमटी चालंल का इचार. लय भांडायचं रं मिठासाठी."

"तोंडात नळी हाय, आई."

"मग मी काय करू?"

"आत जा, हात धर. मी विचारून आलोय."

धोंडीबा बुद्धपौर्णिमेच्या आदल्या दिवशी सकाळी वारले.