कुत्र्याच्या जिभेतलं औषध

तसं न्हाई डॉक्टरसाब, हात घालून बघितलाय मी — पार कोपरापर्यंत घातला — घशात कायबी न्हाई तिच्या. आधी मला वाटलं उसाचं कांडं आडकलं असंल, न्हाईतर पेंडीच्या पोत्याची सुतळी गेली असंल, गाईच्या जातीला काय, पुढं दिसंल ते चघळती — म्हणून जबडा धरला, जीभ बाजूला वढली आन् घातला हात. सगळी लाळच लाळ. हाताला कायबी लागलं न्हाई. तरी ती तोंड मिटंना, पेंड खाईना, पाण्याची बादली पुढं ठेवली की नाक लावती आन् मान झटकून मागं व्हती. आन् हंबरती कशी, ऐकलं न्हाई का आत्ता? आवाजच बसलाय. तीन दिस झाले. तुमी एक सुई मारा ताकदीची, म्हंजी उभारंल नीट — का हो, मागं का सरकलात? मारकी न्हाई कपिली. आमचं सात महिन्याचं लेकरू तिच्या पायात रांगतं.

घाला की हातमोजे, मी कुठं नको म्हणलो. — मी? मला कशाला मोजे? — हे व्हय? हे बोरीच्या काट्याचं हाय, कुंपण करून राहिलो ना महिनाभर, हातावर धड कातडं उरलं न्हाई. साबणानं? पंधरा मिनिटं? आता पंधरा मिनिटं हात धुवायला मी काय नवरदेव हाय का — बरं बरं, तुमचं म्हणणं तसं. शिल्पा! ए शिल्पा! साबण आन् बादलीभर पाणी आण ग हौदावरून! — सून आमची. गुणाची हाय. वैजनाथ, तिचा मालक, कारखान्यावर ट्रॅक्टर चालवतो, गाळप संपल्याबिगर येत न्हाई. आमची मालकीण तारामती गेलीय माहूरला, नातू झाला म्हणून रेणुकामायचा नवस होता, उद्या येईल. म्हंजी आज ह्या शेतातल्या आखाड्यावर आमी तिघंच — मी, सून आन् सत्यम. गाव हितून दीड कोस. शेतातच ऱ्हायचं म्हणल्यावर जनावरंच शेजारी आन् जनावरंच पाव्हणे.

काय म्हणलात? — न्हाई. न्हाई हो. पिसाळलेलं कुत्रं ह्या आखाड्याकडं फिरकलंसुद्धा न्हाई. तुमाला वाटंत कुणी काय सांगितलं का? फाट्यावर जिलानीचं घर लागतं, त्यानं सांगितलं असंल. मानूस वाईट न्हाई, पण भित्रा लई. — कोल्हा? हां, कोल्हा आला होता, लपवायचं काय त्यात. दिवाळीच्या आधी, भर दुपारी आला उसातून. मला तव्हाच जरा कसंतरी वाटलं, दिवसाढवळ्या कोल्हा माणसावर चालून येतो का कव्हा? ह्यो आला सरळ गोठ्यात. मल्यानं धरला त्याला, मल्या म्हंजी आमचं कुत्रं, आन् अशी जुंपली दोघांची म्हणता! कपिलीच्या नाकाला जरा लागलं, मल्याचा व्हट फाटला. कोल्हा गेला परत उसात. मी दोघांच्या जखमंत हळद भरली, आठ दिसात खपली धरली. झालं, इषय संपला. आता तीन महिन्याखालच्या गोष्टीचा आन् आजच्या गाईचा काय संबंध? कावळा बसायला आन् फांदी मोडायला.

मल्या न्हाई आता. गेला. — कशानं काय, आयुष्य संपलं. तुमी बघायला पायजे होता. माळेगावच्या जत्रेतून आणला मी त्याला, एवढंसं पिलू होतं, धोतराच्या वट्यात मावलं. खंडोबाच्या दारचं कुत्रं ते, त्याला कुणी काठी उगारायची न्हाई आमच्यात, घरात पहिली भाकर त्याची. सत्यम झाला तसा तर त्यानं वसरी सोडली न्हाई. लेकरू पाळण्यात, ह्यो पाळण्याखाली. लेकरू रडलं की आधी ह्यो उठायचा आन् मग त्याची माय. रांगाया लागलं तर शेपटी धरून वढायचं, कान तोंडात घालायचं, मल्या हूं न्हाई का चूं न्हाई. दुपारी त्याच्या पोटावर डोकं ठेवून झोपायचं लेकरू. शिल्पानं मोबाईलवर फोटो काढलाय, दाखवतो तुमाला — असू द्या, मागून दाखवतो.

आता तुमी असं तोंड करून विचारायला लागलात म्हणून सांगतो. पिसाळलेलं कुत्रं मी काय बघितलं न्हाई का? धावतं, दिसंल त्याला चावतं, डोळे लाल. मल्या तसा न्हाई झाला. गप झाला. कडब्याच्या गंजीमागं जाऊन बसला अंधारात. भुंकायला गेला तर आवाज फाटका, आन् जबडा खाली लोंबलेला, लाळ गळून राहिली. बघितल्याबरोबर वळखलं मी, हाड आडकलंय. आदल्या दिशी सुनेच्या माहेरची माणसं आली होती, कोंबडं कापलं होतं, हाडं त्यालाच टाकली. म्हणून घातला हात घशात, असाच, हाच — दात लागला जरासा, मुद्दाम न्हाई, जबडाच त्याच्या ताब्यात न्हवता. हाड काय घावलं न्हाई. चवथ्या दिशी गेला. बांधावर पुरला, मीठ टाकून, वर दगूड ठेवला. बास.

— जिलानीच्या शेळीचं? म्हंजी त्यानं सांगितलंच तर! मल्याला हाड लागलं त्या दिशी सकाळी फाट्यावर शेळीला तोंड घातलं त्यानं. त्याची नात उजमा शेळी सोडवायला गेली, पोरीच्या हाताला वरखडा आला. जिलानी आला हितं, चार माणसं घेऊन. म्हणला, अण्णा, कुत्रं बरोबर न्हाई, लाळ बगा, त्याला मारा आन् घरातल्या सगळ्यांना दवाखान्यात न्या. मला मारा म्हणतो! खंडोबाचं कुत्रं! माझं डोस्कं फिरलं. तसाच घरात गेलो, देव्हाऱ्यातला बेल-भंडारा घेतला आन् त्या पाच जणांसमोर उचलला — म्हणलो माझं कुत्रं पिसाळलेलं न्हाई, आन् हे खोटं असंल तर माझ्या वंशाला लागो.

... हां. असंच म्हणलो. रागात माणूस म्हणतो.

जिलानीनं हात जोडले. म्हणला, तुमी भंडारा उचलला, आता माझं कायबी म्हणणं न्हाई. आन् गेला. पण गेला तो सरळ औशाच्या दवाखान्यात! पोरीला सुया द्यायला! एक न्हाई, दोन न्हाई, तारखा लावून लावून नेऊन राहिला पोरीला मोटरसायकलवर. म्हंजी माझ्या भंडाऱ्यावर इस्वास न्हाई का? मी त्याला पारावर चार माणसांत बोललो, तुझ्या नातीला सुईची हौस हाय का म्हणून. खाली मान घालून हसला निस्ता. माणसं बी हसली.

शिल्पाबी मागं लागली होती. मामंजी, आपल्या लेकराला नेऊ, मल्या त्याला चाटत होता. चाटत होता तर काय झालं? कुत्रं चाटणार न्हाई तर काय गाणं म्हणणार? मी तिला एकच सांगितलं, ह्या घरातल्या लेकराला ती सुई टोचली की त्याचा अर्थ काय होतो? अर्थ होतो की कुत्रं पिसाळलेलं होतं. कुत्रं पिसाळलेलं म्हंजी भंडारा खोटा. आन् भंडारा खोटा म्हणल्यावर तो कुणाला लागायचाय? वंश म्हंजी कोण हाय ह्या घरात, सांगा की? एकच तर हाय! ध्यानात येतंय का तुमच्या? जवर कुणी बोलत न्हाई तवर भंडारा खरा हाय. मी लेकरासाठीच गप हाय साहेब, माझ्या नाकासाठी न्हाई. तुमी शिकलेली माणसं, तुमाला हसू येत असंल.

— न्हाई हसलात? मग असं का बघून राहिलात?

आन् चाटण्याचं म्हणाल तर कुत्र्याच्या जिभेत औषध असतं, जुनी माणसं काय खुळी होती का? त्याला सोताला जखम झाली तर चाटूनच बरी करतं ना? हातच्या कंकणाला आरसा कशाला, सत्यमच्या कानाचंच बगा की. सोनाराकडं नेऊन कान टोचले, उजवा बरा झाला, डावा पिकला. पू आला, भोक लाल, लेकरू दूध पिईना. शिल्पा गेली तुरीच्या रानात. मी घेतलं लेकराला मांडीवर, आन् मल्याला जवळ बोलवलं. चाट म्हणलो. मानच धरली त्याची आन् लावलं तोंड कानाला. त्यानं आधी तोंड फिरवलं, मी पुन्हा धरलं. मग चाटला चांगला, आतपर्यंत. सकाळी आन् सांजच्याला, दोन दिस. कान ठणठणीत! कुणाला बोललो न्हाई मी, शिल्पाला तर न्हाईच, आजकालच्या पोरींना घाण वाटती. म्हणून म्हणतो, कुत्रं बेकार असतं तर कान बरा झाला असता का? सांगा ना. — साहेब?

कव्हा म्हंजी, झाले की लई दिस. — महिना. महिन्याच्या वर. — न्हाई, थांबा, तसं न्हाई. तुरी काढून राहिलो होतो, म्हंजी... मल्याला हाड लागलं त्याच्या आधी. किती आधी म्हंजी — दोन दिस. तीन. दोनच. पण तव्हा तो चांगला होता! भाकर खाऊन राहिला होता! — काय? रोग दिसायच्या आधीच लाळंत येतो? कुणी सांगितलं तुमाला? कोणच्या पुस्तकात? ... तोंड फिरवलं होतं त्यानं. मी धरलं. ...

बावीस दिस, मल्या जाऊन. त्यात चार घाला, त्यात दोन घाला. करा हिशोब तुमचा.

न्हाई. बास. तुमी जनावराचे डॉक्टर, जनावरापुरतं बोला. गाईला बोलवलं मी तुमाला, नातवाचं तुमाला कुणी इचारलं? लेकरू हसून खेळून हाय, दोन दात आलेत, काल आजा म्हणल्यासारखं करत होतं. त्याला काय झालंय? तुमी तुमची बॅग घ्या आन् निघा. गाय मरायची तर मरंल. आन् फाट्यावर थांबू नका, जिलानीला एक शब्द बोलायचा न्हाई, आधीच सांगून ठेवतो, मी बोललोच न्हाई तुमाला काय, मी कायबी —

शिल्पा.

कव्हाची उभी हायस तू हितं? — ठेव ती बादली खाली. सांडून राहिलं पाणी. अग बोल की काहीतरी. हे डॉक्टर काय ते आपलं — कानाचं ते तसं न्हाई झालं, म्हंजी झालं पण — शिल्पा, ऐक. कुठं चाललीस? लेकरू झोपलंय, उठवू नको. ए शिल्पा! उनाचं घेऊन कुठं — अग, वैजनाथला फोन करू आधी, उद्या तुझी सासू येईल, मग सगळे मिळून — चार माणसांत भंडारा उचललाय मी, गावात तोंड कसं दाखवू? तुला कळतंय का त्याचं काय होतंय? — उतर. डॉक्टरच्या गाडीवरून उतर म्हणतो ना. डॉक्टर, गाडी चालू करायची न्हाई. शिल्पा, मी सासरा हाय तुझा, बघ तरी माझ्याकडं. ...

बघत न्हाई. बरोबर हाय. कशाला बघंल.

— चालू करा साहेब. करा. सरळ न्या, मधी कुठं थांबू नका. तिथं इचारलं तर सांगा की कुत्रं पिसाळलेलं होतं. सांगा की आज्यानं सोता कान चाटायला लावला, जखमंत, दोन दिस. शेषेरावनं सांगितलं म्हणा. माझं नाव घालून सांगा. महिन्याच्या वर सांगू नका, काय हाय ते सांगा, म्हंजी औषध तसं देतील. ... लेकरू वाचंल ना? — सांगता येत न्हाई म्हणू नका. निस्तं व्हय म्हणा. तिच्यासमोर तरी व्हय म्हणा.

मी? मी कशाला येऊ? तिघं बसत न्हाईत ह्या गाडीवर. — दुसरी गाडी नको. हाताचं माहीत हाय मला, मल्याच्याबी तोंडात होता आन् गाईच्याबी, आता मलाच सांगता का! कळतंय मला समदं. पण भंडारा खोटा निघालाय साहेब. कुणाला तरी तो लागायचाच. तोंडानं मी वंश म्हणलो, पण उचलला ह्या हातानं. दोघांतला एक घ्यायचा तर देवानं ह्यो घ्यावा. मी सुई घेतली आन् वाचलो, तर मग तो कुणाकडं जाईल?

न्हाई येत म्हणलो ना. निघा आता. दुपारचा दवाखाना बंद होईल. निघा!