शुद्ध करा

सुकेशनी : काळा का निळा? दुनियाभरचे लोक मिळून हेच ठरवून राह्यले का? पडद्याचा रंग?

धम्मपाल : ताई, तू आर्धंच आयकतं. रंग ही एक गोष्ट झाली. या गानं रेकॉर्ड कराच्या सॉफ्टवेअरमधी पुढच्या सहा महिन्यात आंधी कोनतं काम कराचं, मंग कोनतं, ते आज ठरते. पाच वाजेपर्यंत मराठीवाल्याईचं मत मले पाठवाचं हाय.

सुकेशनी : मराठीवाल्याईचं मत. म्हनजे मेडशीच्या धम्मपालचं.

धम्मपाल : मीच तर हाव प्रतिनिधी. हे सॉफ्टवेअर फुकटचं हाय, कोनाच्या मालकीचं नाई. कोनीबी घ्या, गानं रेकॉर्ड करा, बिघडलं तर दुरुस्त करा. सगळे मिळून ठरवतात.

सुकेशनी : सगळे म्हनजे कोन? माय हाय का त्यात? मी हाव का?

धम्मपाल : तू नाव नोंदवलं तर तूबी राहशीन.

सुकेशनी : पहिल्या नंबरवर काय लिहिलं तू?

धम्मपाल : रंग.

सुकेशनी : थू!

धम्मपाल : ओ ताई! भितीवर अंड्याचे ट्रे लावले हायत मी, आवाज घुमू नये म्हून. त्याच्यावर थुंकतं काय?

सुकेशनी : थुंकली नाई. तोंडातच राह्यलं. अन् आपलं काम कुठं हाय त्या यादीत?

धम्मपाल : हाय ना. खाली हाय.

सुकेशनी : किती खाली?

धम्मपाल : तीन खाने हायत. तातडीचं, महत्त्वाचं अन्... किरकोळ.

सुकेशनी : वाचून दाखव.

धम्मपाल : कायले उगीच डोकं तापवतं...

सुकेशनी : वाच म्हनलं ना.

धम्मपाल : "मराठी आवृत्तीत ताल-सूर दुरुस्तीच्या बटणावर 'शुद्ध करा' असे लिहिलेले आहे. काही वापरकर्त्यांना हा शब्द खटकतो. तसेच हे बटण आपोआप चालू राहते व मूळ आवाज पुसून त्याच जागी दुरुस्त आवाज साठवते. प्राधान्य : किरकोळ."

सुकेशनी : खटकतो! भातात खडा आला तर खटकते रे, बावा. हे खटकनं नोय. आपली आजी हातपंपावर पानी भरून निंगाली का मांगून वरच्या जातीच्या बाया दांडा घासत, पानी ओतत, अन् मंग आपला हंडा लावत. काय म्हनत त्याले?

धम्मपाल : मालूम हाय मले.

सुकेशनी : काय म्हनत?

धम्मपाल : शुद्ध करनं.

सुकेशनी : हां. अन् आता आपल्या मायच्या गान्यावर तेच बटन. भीमाचं गानं गाते बाई, अन् खालून मशीन इचारते, शुद्ध करू का? इचारतबी नाई! आपोआपच करते.

धम्मपाल : मी लिहिलं होतं त्याईले. दोनदा लिहिलं.

सुकेशनी : मंग काय म्हनले?

धम्मपाल : म्हनले ना काहीतरी.

सुकेशनी : तेबी वाच.

धम्मपाल : "शब्द व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. संगीतात शुद्ध स्वर ही जुनी संज्ञा आहे. कृपया याला सामाजिक रंग देऊ नये."

सुकेशनी : रंग देऊ नये! पडद्याले द्याले सहा महिने हायत, अन् इथं देऊ नये. कोन हाय हा शहाना?

धम्मपाल : भाषांतर करनारे हायत एक. वाईट मानूस नाई तो, ताई. मले लय मदत केली त्यानं सुरुवातीले. त्याच्या डोक्यातच आलं नसन.

सुकेशनी : तेच तर म्हनते मी. त्याच्या डोक्यात यायची पाळीच नाई आली कधी. शिवी देल्ली असती तर मी उलटून देल्ली असती. हा तर गोड बोलून व्याकरण शिकवते. याची जास्त किळस येते मले.

धम्मपाल : आता आयक. त्याईनं मले मुख्य मंडळात घ्याचं म्हनलं हाय. आपल्या जिल्ह्यातला काय, अख्ख्या विदर्भातला कोनी नाई तिथं. फक्त या वेळी रंगाले साथ दे म्हने, बहुमत पाह्यजे. आत गेलो का मी हा शब्द एका दिवसात बदलतो.

सुकेशनी : असं का?

धम्मपाल : खरंच सांगतो.

सुकेशनी : आत गेलेला मानूस बाहेरच्याचं काम करते, हे कुठं पाह्यलं तू? आपल्या पंचायतीत पाह्यलं? सोसायटीत पाह्यलं? आत गेला का त्याले आतलाच पंखा गोड लागते.

धम्मपाल : तू मलेबी त्याईच्यात जमा करून राह्यली.

सुकेशनी : तू सोताच चालला. मी तर फक्त तिकडं निंगालेल्या चपला पाहून राह्यली तुह्या.

धम्मपाल : शब्द बदलला तरी मायचं गानं वापस येनार हाय का? नाई ना? मंग थोडं धीरानं घे. चार पावलं पुढचं पाह्य.

सुकेशनी : पुढचं? बरं झालं म्हनलं. तांड्यावरच्या मोतीबाईले मी शनिवारी बोलावलं हाय. बंजाऱ्याईची होळीची लेंगी गानार हाय ते. अन् लगनाची गानीबी, सगळी. ऊसतोडीले जाच्या आंधी रेकॉर्ड करून ठेवा म्हने, मंग मी राहो ना राहो. तिले इथं बसवू? अन् तिचंबी असंच चकचकीत करून देऊ?

धम्मपाल : तिच्या वक्ताले मी बटन आठवनीनं बंद करीन.

सुकेशनी : अन् तिकडं केनवडचा संघदीप रेकॉर्ड करते, त्याले कोन आठवन देईन? इंझोरीच्या पोट्ट्याईनं तुह्यावर भरोसा ठेवून हेच सॉफ्टवेअर घेतलं. त्याईच्या माया, आज्या गाऊन राह्यल्या असतीन इथं तिथं. एक एक पुसली जाऊन राह्यली असन, अन् वरून रंग निळा.

धम्मपाल : हळू बोल. माय वट्ट्यावर बसली हाय.

सुकेशनी : बसू दे. तिले अजून सांगतलं नाई ना तू?

धम्मपाल : कसं सांगू? गळ्याच्या ऑपरेशनच्या आंधी मुद्दाम बसवलं होतं आपन तिले. डॉक्टर म्हनले होते, आवाज राहीन का नाई भरोसा नाई. ताप होता अंगात, तरी बसली. पुरं गानं एका बैठकीत गायली. आता फुसफुस करते नुसती. अन् मी तिले सांगू का ते गेलं म्हून?

सुकेशनी : रोज इचारते ते. अन् तू रोज म्हनतं, मशीन बिघडली.

धम्मपाल : गेलं नाई तसं. हाय. आवाज तिचाच हाय. थोडा सरळ झाला.

सुकेशनी : सरळ? माय ओळ अर्धी सोडून थांबे. भीमाचं नाव घेतच नसे. मंडपातल्या बाया घेत ते नाव, सगळ्या एका दमात. पोलक्याले भोकं पडलेल्या बाया, पन ते नाव घेताना अशा ताठ होत का पाहातच राहा. इथं खोलीत कोनीच नोतं, तरीबी माय थांबली. तेवढी जागा सोडली तिनं. अन् या तुह्या मशीनले वाटलं, बाई इसरली. पुढची ओळ वढून चिकटवली.

धम्मपाल : मशीनले काय समजते, ताई.

सुकेशनी : मशीनले नाई समजत. म्हून तर मानसं ठरवाले बसली ना, आंधी काय अन् मंग काय? त्याईलेबी नाई समजत, अन् तुले समजून उपेग नाई.

चंपाबाई : काय कावकाव लावली रे दोघाईनं? तिकडं शेंगा निवडू द्याना मले.

धम्मपाल : काई नाई, माय. तू कायले उठली?

चंपाबाई : दिवसभर त्या डब्यासमोर बसते अन् म्हनते काई नाई. झाली का बाप्पा तुही मशीन दुरुस्त?

सुकेशनी : झाली, माय. गानं आयकाचं का?

धम्मपाल : ताई, नोको.

सुकेशनी : लाव.

धम्मपाल : ताई, हात जोडतो तुले.

सुकेशनी : किरकोळ हाय ना? मंग लाव. किरकोळ गोष्टीले काय भ्याचं?

चंपाबाई : लाव ना रे. बसते मी इथं. जरा तो पंखा बंद करा, आयकू नाई येत.

(धम्मपाल बटण दाबतो. गाणं सुरू होतं आणि कुठेही न थांबता संपतं.)

चंपाबाई : कोन हाय रे ही? गळा चांगला हाय. एकदम साफ. पन लय घाई हाय बाईले. कोनाची पोरगी हाय? अकोल्याची हाय का?

सुकेशनी : बोल ना, प्रतिनिधी.

धम्मपाल : थांब, ताई. एक मिनिट थांब.

सुकेशनी : आता काय टाइप करतं? लाज नाई वाटत?

धम्मपाल : रंग खोडला. आपलं काम वर घेतलं. शब्द बदला, बटन आपोआप चालू ठेवू नोका, मूळ आवाजाले हात लावू नोका. किरकोळ काढून तातडीचं लिहिलं. पाठवलं. गेलं.

सुकेशनी : अन् तुहं मुख्य मंडळ?

धम्मपाल : कायचं मंडळ आता. ते आयकतीन का नाई, तेबी मालूम नाई.

सुकेशनी : त्याईले सांगून झालं. आता हिले सांग.

चंपाबाई : काय सांगाचं रे? तोंड काहून उतरलं तुहं?

धम्मपाल : माय, ते... ते तूच हायस. तुहाच आवाज हाय तो. ऑपरेशनच्या आंधीचा.

चंपाबाई : हट! मी कायले अशी गाईन?