पहिल्या टप्प्याचं उद्यापन

(नोएडातला फ्लॅट, सकाळ. देवघरासमोर वृंदा जमिनीवर बसली आहे. तिचा नवरा अविनाश पेला घेऊन उभा आहे.)

अविनाश : उठू नकोस म्हटलं ना! घे, लिंबू-मीठ घातलंय.

वृंदा : अहो, काही नाही. दिवा लावायला वाकले, जरा अंधारी आली. तुमची मेट्रो चुकेल.

अविनाश : चुकू दे. आज डॉक्टरांकडे जायचंच. आणि आधी एक पोळी खा.

वृंदा : तुमचा पहिला टप्पा संपला की खाईन.

अविनाश : डाएटवाल्या मॅडम काय म्हणाल्या होत्या? ‘सिर्फ दो हफ्ते, आंटीजी.’ भात, पोळी, साखर, फळं बंद, ते दोन आठवडे! संक्रांतीला धरलंय, पाडवासुद्धा होऊन गेला.

वृंदा : पण वजन कुठे उतरलं तुमचं? त्याशिवाय पुढचा टप्पा कसा घ्यायचा?

अविनाश : माझं राहू दे. तुला कुणी सांगितलं होतं?

वृंदा : सांगायला कशाला हवं? तुमच्या साखरेचं कळलं, त्याच सकाळी देवापुढे पाणी सोडलं. यांचा पहिला टप्पा पार पडेपर्यंत मीही तेच खाईन म्हणून.

अविनाश : ब्लाउज बघ, खांद्यावरून उतरतायत तुझे.

वृंदा : तेच तर! माझं उतरतं, तुमचं नाही. म्हणजे चूक माझीच. आधी वाटलं, भाजीत कांदा जास्त पडतोय. तो बंद केला. मग टोमॅटो. मग... सांगू? रागावू नका.

अविनाश : मी कशाला रागावू?

वृंदा : शेजारच्या कुमुदताईंकडे सत्यनारायण होता. प्रसादाचा शिरा हातावर आला. प्रसादाला नाही कसं म्हणायचं? चिमूटभर तोंडात टाकला. तेव्हापासून तुमचा काटा हललेला नाही. रोज क्षमा मागते देवाची. माझ्या एका चिमटीपायी तुमची साखर...

अविनाश : वृंदा, थांब. यार, असं नको बोलूस.

वृंदा : खरं तेच सांगतेय.

अविनाश : खरं नाही ते. कस्तुरबा गांधी मार्गावर, आमच्या ऑफिसच्या गेटबाहेर, एक छोले-कुलचेवाला असतो.

वृंदा : बरं, मग?

अविनाश : मी तिथे खातो.

वृंदा : कधीमधी?

अविनाश : रोज. म्हणजे, सोमवार सोडून.

वृंदा : सोमवारी का नाही?

अविनाश : सोमवारी उपवास असतो ना आपला.

वृंदा : आणि माझा डबा?

अविनाश : ऑफिसातला श्याम खातो. म्हणतो, वहिनींच्या हातच्या पनीरला तोड नाही.

वृंदा : भाऊजींचं उतरलं का?

अविनाश : पट्ट्याला नवं भोक पाडलंय त्यानं.

वृंदा : अच्छा.

अविनाश : ओरड तरी माझ्यावर.

वृंदा : म्हणजे प्रसादानं काही झालं नाही.

अविनाश : नाही गं. प्रसादानं काय होणार?

वृंदा : कांद्यानंही नाही.

अविनाश : नाही. तू विचारायचीस, डबा संपला का? मी म्हणायचो, संपला. ते खोटं नव्हतं, म्हणून जास्तच लाज वाटायची. मोड आता तो संकल्प. माझ्यासाठी धरलास, मीच सांगतो.

वृंदा : संकल्प मोडत नसतात हो. उद्यापन करतात. मेहूण जेवायला घालायचं असतं.

अविनाश : मग श्याम आणि लताला बोलावू?

वृंदा : भाऊजींनी माझ्या व्रताचं पुष्कळ खाल्लंय. मेहूण म्हणजे काय, नवरा-बायकोच ना? मग आपण कोण आहोत?

अविनाश : आपणच?

वृंदा : भात तुम्ही लावा. आणि डॉक्टर हो म्हणाले, तर उद्यापासून पहिला टप्पा तुमच्या एकट्याचा. दोनच आठवडे. डबा मी देईन. कुणी खायचा, ते तुम्ही बघा.

अविनाश : मीच खाईन. शप्पथ...

वृंदा : शपथ नको. नुसता खा.

अविनाश : तांदूळ कुठे आहेत?

वृंदा : वरच्या फळीवर, अगदी मागे. आणि आधी देवापुढे वाढा. तोही बिचारा संक्रांतीपासून भाताऐवजी किसलेला फ्लॉवर खातोय.