डुएन मामाची कुपी आणि माझा कोपर

चूक डुएन मामाची. नाव आधीच घेऊन टाकतो, म्हणजे उगाच कुणी माझ्याकडे संशयाने बघायला नको… तुम्हाला सांगतो, माझा उजवा कोपर गेला तेव्हा डॉक्टरीणबाई स्वच्छ म्हणाल्या होत्या, लिगामेंट अर्धं फाटलंय, हा हंगाम विसर, बॉलला हात लावू नकोस. पण उन्हाळ्यात बेसबॉलच्या व्यावसायिक संघाची निवडचाचणी, तिच्यासाठी मी कॉलेज सोडून बसलेलो, आणि आमच्या लबक गावात डॉक्टरचं ऐकतो कोण? मामाने पॉडकास्ट ऐकला होता ना!

मामाचं टायरचं दुकान. एके काळी शाळेच्या संघात बॉल फेकायचा, तेवढ्यावर घरातल्या सगळ्यांचे सांधे त्याच्या ताब्यात. त्याने पेप्टाइडच्या इंजेक्शनच्या कुप्या मागवल्या. म्हणे, "पेप्टाइड म्हणजे प्रथिनाचाच बारका तुकडा रे. शरीराला निरोप देतो, इथे दुरुस्ती काढा. पंक्चर आतून बुजतं." कुपीवर ठळक छापलेलं, फक्त प्रयोगशाळेसाठी, माणसांना देऊ नये. मी दाखवलं, तर म्हणतो, ते वकिलांसाठी लिहितात. डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, उंदरांवर निकाल चांगले आहेत, पुढेमागे माणसांनाही उपयोग होईल, पण अजून कुणी नीट तपासलेलं नाही. आणि दुखायचं थांबलं म्हणजे जोडलं गेलं असं धरू नकोस. मी हे मामाला सांगितलं.

"उंदीर बरे झाले ना? मग?"

अहो, उंदीर ताशी नव्वद मैलांनी बॉल फेकतात का? पण नाही, मामाने पॉडकास्ट ऐकला होता!

झालं. कुप्या फ्रिजमध्ये, बिअर आणि हरणाच्या सॉसेजच्या मधे. रोज पोटाची चिमूट धरायची, सुई खुपसायची. आणि दुखायचं थांबलं. खरंच थांबलं, खोटं कशाला बोलू… औषधाने की नुसत्या आरामाने, देव जाणे. शहाण्या घरात अशा वेळी पोराचं स्कॅन करतात. आमच्यात शेगडी पेटवतात. परसात मांस धुमसतंय, मामाचे म्हातारे दोस्त घडीच्या खुर्च्यांवर, निम्म्यांचे गुडघे बदललेले, आणि मामाच्या हातात बॉलचा वेग मोजायची रडार गन. मी म्हटलं, पहिला हळू टाकतो.

"हळू बघायला एवढी माणसं जेवायला बोलावलीत का?"

टाकला. कोंबडीची तंगडी सांध्यातून पिरगळावी तसा आवाज, पार शेवटच्या खुर्चीपर्यंत गेला. मी गुडघ्यांवर. मामाने आधी गनवरचा आकडा बघितला.

"चौऱ्याण्णव," तो म्हणाला. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या!

उरलेल्या कुप्या मामा स्वतःच टोचून घेतो. पाठ ठणठणीत झाली म्हणतो, आता माझ्या कोपरासाठी त्याने दुसरा पॉडकास्ट ऐकलाय…

चाचणी माझ्याशिवाय झाली. दात मी डाव्या हाताने घासतो.