हिरो निघतच नाही

चहा राहू दे लेका, पयले माह्या हिरोचं काय झालं ते ऐक. पुण्याच्या डायरेक्टरनं मले सांगतलं होतं, पटकथा ठरलेल्या साच्यात बसवा. हिरो घर सोडते, संकटात पडते अन् बदलून वापस येते. दहाव्या पानावर तो घराबाहेर पाहिजे, अन् स्क्रिप्ट घेऊन तुमी पुण्यात पाहिजे.

मी आपल्या मुकुटबनचाच हिरो घेतला, कापसाचं वावर असलेला. लिहून झालं तसं बाबाले वाचून दाखवलं.

बाबानं इचारलं, "कोणत्या महिन्यात निघते हा?"

"जूनमंदी."

"पेरणी टाकून? मंग हिरो कायचा तो?"

मले पटलं. म्हटलं, पेरणीनंतर काढू त्याले. तं बाबा म्हणे, निंदण कोण करन? निंदण उरकलं तं कापूस फुटला.

"येचणी सोडून कोणी जाते का बे?"

तीस पानं झाले तरी पोट्टा वावरातच. मी अंगणात चकरा मारून राह्यलो, चपला पायात घालून राह्यलो, काढून राह्यलो, अन् हा काही निघायले तयार नाही.

काल डायरेक्टरचा फोन आला. पार वैतागला होता.

"अहो, तुमचा हिरो घर सोडतोय कधी?"

"सर, कापसातली तूर घरी आली का सोडते."

"आणि तुम्ही? तुम्ही पुण्याला कधी येताय?"

मी बाबाकडं पाह्यलं. बाबा वावरातल्या उभ्या तुरीकडं पाहून राह्यले होते.

म्हटलं, "सर, हिरो अन् मी, आमी दोघं संगंच येतो."