वाळत घातलेलं जहाज

...मले रंग शिकवता? मले? चाळीस वर्षं, सांगतो तुमाले, चाळीस वर्षं बैलगाड्या रंगवल्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवल्या, बडनेऱ्यापासून अकोल्यापर्यंत रंग सोललेली ट्रॉली दाखवा, ती दुसऱ्या कोणाची असन, सहदेवची नसन! अन् माहा पोरगा जीवन, नाकावर चष्मा, हातात कागद, मले म्हणते, "बाबा, आधी प्राइमर, मग रंग." अरे, बाप कोण आहे तुहा?

गोष्ट अशी, का माही नात करिश्मा नेव्हीत आहे. तिनं प्लास्टिकचं जहाज पाठवलं, हातभर लांब, कोरं. फोनवर म्हणे, "बाबा जोडतीन, पण रंग आबा, तुमीच द्या. रजेवर आली का घेऊन जाईन, हापिसात टेबलावर ठेवीन." तुमीच! एमए झालेल्या बापाले नाही म्हटलं, चौथी नापास आबाले म्हटलं!

जीवननं जहाज जोडलं, मी प्राइमरचे दोन हात दिले, पातळ. आता प्राइमर कडक वाळला पाहिजे का नाही? ओल्यावर रंग देते तो पेंटर नाही, चोर आहे. जीवन म्हणते, "सावलीत ठेवा बाबा, जहाजासोबतच्या कागदावर सूर्य काढून फुली मारली आहे." मी म्हटलं, ते त्या कागदवाल्याच्या गावचं ऊन असन! त्याले वाळवण काय माहीत? मे महिना, अकोल्याचं ऊन, टिनाच्या छपरावर आमच्या मंडळीच्या, मैनाबाईच्या कुरडया... कुरडयांच्या बाजूले ठेवलं जहाज. मले रंग शिकवता?

चार वाजता मैनाबाई वरून ओरडली, "अवो, या नं लवकर! तुमचं जहाज कसंचं होऊन राहिलं पाहा!"

गेलो. पाह्यलं. बाप्पा... पुढचं टोक वर, मागचं टोक वर, मधात खोलगट. पाळणा! अन् पोरगी परवाच्या गाडीनं येणार!

जीवन हसून राहिला. "नवीन मागवू का?" काहून? प्राइमर पाहा, काचेवानी कडक! वाकलं ते प्लास्टिक. प्लास्टिक मी बनवलं का? मले रंग शिकवता?

बसलो. वरून राखाडी, खालून लाल, अन् दोन्हीच्या मधात काळी रेघ. तिथंच गोम होती... दोन वर्षं झाली, हात थरथरते. सांगत नाही कोणाले, तुमाले सांगतो. ही रेघ हुकली, तं पोरीच्या टेबलावर काय जाईन? चिकटपट्टी नाही, फूटपट्टी नाही. श्वास धरला अन् एका दमात ओढली. वाकड्या जहाजावर सरळ रेघ! मारून दाखवा कोणी!

करिश्मा आली. जहाज फिरवून फिरवून पाह्यलं. "आबा, रेघ तुमी मारली?"

"मंग कोण मारते?"

टॉवेलमधी गुंडाळलं तिनं अन् जाताना मांडीवर घेऊन गेली. जीवनकडे पाह्यलं मी. नुसतं पाह्यलं!

आठ दिवसांनी फोन. "आबा, साहेबांले रंग लय आवडला. पण विचारून राहिले, जहाज असं काहून वाकलं?"

"मंग?"

"खरं सांगितलं, अकोल्याच्या उन्हात वाळवलं. तं म्हणे, बापरे, तिथं माणसं राहतात कशी?"

म्हटलं, "सांग त्याले, बाई... माणसं सावलीत राहतात. उन्हात आमी फक्त जहाज ठेवतो."