मुखपृष्ठावरचा नळ

दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ घेऊन कुणी सरकारी कचेरीत भांडायला गेलंय का? आमची शेवंतामावशी गेली!

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, आणि पाऊस पडलाच नव्हता. डाळमिलमधून सुटलो की आम्ही बाया घागरी घेऊन टँकरची वाट बघायचो. एकदा एक चित्रकार येऊन आमचं चित्र काढत बसला. टँकर काही आला नाही. त्यानं मग आपल्या मनानंच तिथं नळ काढला, धो धो वाहणारा!

दिवाळीला तेच चित्र मुखपृष्ठावर! आम्ही नुसत्या नाचायच्या राहिलो. मावशी मात्र अंक घेऊन निघाली थेट नव्या कचेरीत, आणि मागोमाग आम्ही सगळ्या.

"साहेब, आमचा नळ कुठं गेला?"

"कुठला नळ?"

"ह्यो काय! पुस्तकात छापलाय."

साहेब हसले. "मावशी, नळ चित्रकाराच्या कल्पनेतला आहे."

"आसं? ही मी. केसात डाळीचा भुसा हाय का न्हाई, बघा. ही सुमन. तिची घागर बी अशीच चेपलेली हाय. समदं खरं, आन नळ तेवढा खोटा व्हय?"

साहेब एकदा चित्राकडे बघत, एकदा आमच्याकडे. मला वाटलं, आता हाकलून देतात की काय! शेवटी त्यांनी पेन उघडलं. "बरं, बसवायचा कुठं?"

मावशीनं मुखपृष्ठावर बोट टेकवलं.

"हितंच. आन पाणी बी असंच पायजे, धो धो!"